भोपळ्याचा वेल आणि त्याचे वैरी

परीक्षेंत भोपळा मिळाला म्हणजे विद्यार्थ्याचें तोंड उतरतें, आणि परसांत भोपळा मिळाला म्हणजे त्याच्या आईचें मुख उजळतें. शब्द एकच, परंतु त्यानें एकास रडवावें व दुसऱ्यास भाजी द्यावी ही आपल्या भाषेची मौज आहे. आमच्यावर मात्र कांहीं वर्षांपूर्वीं असा प्रसंग आला कीं, बागेंत एकही भोपळा न धरल्यामुळें आम्हांसच भोपळा मिळाला. ती हकीकत सांगावी, आणि त्या निमित्तानें ह्या वेलाचे वैरी कोणते, मित्र कोणते व त्यांच्याशीं कसें वागावें ह्याचा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

वसतिगृहाच्या मागें विहिरीलगत जमिनीचा एक तुकडा आहे. तेथें आठवीच्या मुलांनीं फेब्रुवारीच्या आरंभीं बारा आळीं केलीं, शेणखत घातलें व तांबड्या भोपळ्याचें बीं टोंचलें. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरास उन्हाळाभर आपल्या हातची भाजी पुरवूं, असा मुलांनीं शब्द दिला होता. आठवड्यानें अंकुर वर आले, आणि त्यांच्यामागोमाग तांबूस भुंगेही आले. मुलें घाबरलीं, खरें सांगावयाचें तर आम्हीही घाबरलों. बाजारांतून औषधाची बाटली आणविली आणि माळ्याकडून फवारा मारविला. भुंगे मेले. हा विजय पाहून आम्हांस इतका हुरूप आला कीं, भुंगा असो वा नसो, दर शनिवारीं सकाळीं शाळा भरण्यापूर्वीं फवारा मारण्याचा आम्ही नेमच केला. वेल हिरवेगार झाले, पिवळीं फुलें डोलूं लागलीं. पण फुलाखालची इवलीशी गांठ पिवळी पडून चार दिवसांत गळून जाई. एप्रिल संपला तरी एक फळ धरलें नाहीं. मग एका शेतकऱ्याच्या मुलानें भीत भीत विचारलें, "सर, आपल्या फुलांवर एक बी माशी बसत न्हाई, असं का?" आमचें सर्व शिक्षण त्या एका प्रश्नापुढें लटकें पडलें.

त्याच्या प्रश्नांत उत्तरही होतें. भोपळ्याच्या वेलावर नर-फूल व मादी-फूल निरनिराळें असतें. मादी-फुलाच्या तळाशीं लहानसा गोल भोपळा प्रथमपासूनच दिसतो; नर-फुलाचा देंठ मात्र नुसताच लांब व सडपातळ असतो. हीं फुलें पहांटे उमलतात आणि दुपारपूर्वींच कायमचीं मिटतात. तेवढ्या चार-सहा घटकांत नर-फुलांतील पराग मादी-फुलावर पोंचला तर फळ धरतें, नाहीं तर गळतें. भोपळ्याचा पराग जड व चिकट असल्यामुळें तो वाऱ्यानें जात नाहीं. मधमाशीनेंच तो न्यावा लागतो. आम्हीं नेमका सकाळीं, फुलें उघडीं असतांना, विषाचा फवारा मारला होता. वैरी मेले ते मेलेच, पण ज्यांच्यावांचून फळ धरणें अशक्य, ते पाहुणेही आम्हीं दारांतच मारले. त्या दिवसापासून एक गोष्ट आम्ही मनाशीं पक्की धरून आहों: वेलाच्या प्रत्येक वैऱ्याच्या आयुष्यांत एक दुबळी वेळ व एक दुबळें ठिकाण असतें, तें ज्यानें डोळ्यांनीं हेरलें त्याला विषाची गरज क्वचितच पडते. आतां एकेका वैऱ्याकडे ह्याच दृष्टीनें पाहूं.

पहिला मान तांबड्या भुंग्याचा. हा नारिंगी-तांबडा, चकचकीत व लहान बोटाच्या नखापेक्षांही लहान असतो. वेल जेव्हां दोन दलांचा असतो तेव्हां तो त्यास चाळणीसारखीं भोंकें पाडतो, आणि दोन-तीन दिवसांत सबंध रोप फस्त करितो. भोपळ्याच्या कुळांतील वेलांच्या अंगीं जो कडूपणा असतो, त्यास इतर पुष्कळ किडे भितात. ह्या भुंग्यास मात्र तोच कडूपणा बोलावणें धाडतो. त्याची मादी रोपाच्या बुंध्याशीं ओल्या मातींत अंडीं घालते, आणि अळ्या जमिनीखालीं राहून मुळें व जमिनीला टेकलेलीं फळें पोंखरतात. मग ह्याची दुबळी वेळ कोणती? सूर्योदयाची. रात्रीच्या गारव्यानें तो सुस्त झालेला असतो, त्यास धड उडतां येत नाहीं. धक्का लागतांच तो खालीं पडतो. तेव्हां पानाखालीं साबणाच्या पाण्याचें भांडें धरून पान हलविलें कीं भुंगे आपोआप त्यांत पडतात. हें काम दहा वर्षांच्या मुलासही साधतें. ह्याखेरीज एका आळ्यांत तीन-चार बिया लावाव्यात, म्हणजे एक-दोन रोपें गेलीं तरी आळें रिकामें राहत नाहीं; रोपांवर दंव असतांना चुलींतील चाळलेली राख भुरभुरावी; अथवा जुन्या मच्छरदाणीच्या कापडानें रोपें झांकावीं. मात्र फुलें येतांच हें झांकण काढलें पाहिजे, नाहीं तर मधमाशीची वाट बंद होईल. रोपास चार-पांच खरीं पानें फुटलीं म्हणजे मुख्य धोका टळला असें समजावें. फळें काढून झाल्यावर जुना वेल व पालापाचोळा तेथेंच पडूं देऊं नये, कारण थंडीच्या दिवसांत भुंगा त्याखालींच दडून बसतो. जमीन खणून उन्हांत तापूं द्यावी.

दुसरा वैरी फळमाशी. ही घरमाशीएवढी, तपकिरी-पिवळ्या अंगाची व ठिपकेदार पंखांची असते. कोंवळ्या फळाच्या सालींत ती आपली सुई टोंचते व आंत अंडीं घालते. बाहेरून पाहावें तर डिंकाचा एक थेंब वाळलेला दिसतो. आंत मात्र एक-दोन दिवसांत अंडीं फुटून अळ्या गर खाऊं लागतात. फळ सडतें, वांकडें होतें, गळतें. साधारण आठवड्यानें अळी फळांतून बाहेर पडून मातींत दोन-चार बोटें खोल शिरते, तेथें कोश करिते, आणि उष्ण हवेंत आणखी आठ-दहा दिवसांत नवी माशी होऊन उडते. म्हणजे आपण जें सडकें फळ कंटाळून कुंपणाशीं फेंकून देतों, तें पुढच्या टोळीचें पाळणाघर होय. ह्या माशीचें दुबळें ठिकाण तेंच. गळालेलें व डागी फळ रोज वेंचावें आणि दोन फूट खोल पुरावें, अथवा प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून कांहीं दिवस कडक उन्हांत ठेवावें. वेलाखालची माती अधूनमधून हलक्या हातानें उकरावी, म्हणजे कोश उघडे पडून उन्हानें मरतात व साळुंक्यांस मेजवानी होते. परागीकरण झालेल्या चांगल्या फळास कागदाची वा कापडाची पिशवी बांधली तर माशीची सुई तेथवर पोंचतच नाहीं. बाजारांत कामगंधाचे सापळेही मिळतात. त्यांत नर-माश्या मादीच्या आशेनें शिरतात व अडकतात. परंतु आंब्यावरील माशीसाठीं जें आमिष विकतात तें भोपळ्याच्या माशीस लागू पडत नाहीं. विकत घेतांना वेलवर्गीय पिकांचें आमिष मागून घ्यावें.

ह्या माशीचा इतिहास मोठा बोधपर आहे. तांबडा भोपळा हा मूळचा अमेरिका खंडांतील. माशी मात्र आपल्या आशियाची. १८९५ च्या सुमारास ही माशी हवाई बेटांत पोंचली आणि तेथील कलिंगडें-काकड्यांचा तिनें फडशा पाडला. तेव्हां तेथील शास्त्रज्ञांनीं तिच्या मूळ देशांत तिचा वैरी शोधला. आणि १९१६ सालीं भारतांतून एक गांधीलवर्गीय चिमुकला कीटक तिकडे नेला. हा कीटक माशीच्या अळीच्या अंगांत आपलें अंडें घालतो आणि अळीचा नाश करितो. जपाननें त्याहून निराळा मार्ग धरला. ओकिनावाच्या बेटांत त्यांनीं ह्याच माश्या कारखान्यांत पैदा करून, किरणांनीं त्यांचे नर वांझ करून, अब्जावधींच्या संख्येनें सोडले. रानांतील माद्यांचीं अंडीं फुटेनाशीं झालीं, आणि १९७२ पासून चाललेलें हें काम १९९३ सालीं तडीस जाऊन तेथून ह्या माशीचें उच्चाटन झालें. दोन्हीं ठिकाणीं जय मिळाला तो शत्रूची दिनचर्या जाणून घेतल्यामुळें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

तिसरी टोळी मावा आणि पांढरी माशी ह्यांची. हीं पानांच्या खालच्या अंगास राहून रस शोषितात. त्यांनीं प्यालेल्या रसापेक्षां त्यांनीं आणलेला रोग भयंकर असतो. एका आजारी वेलाचा विषाणु त्या आपल्या सोंडेंतून दुसऱ्या वेलास देतात, आणि मग पानांवर हिरव्या-पिवळ्या रंगाचें चट्ट्यापट्ट्यांचें चित्र उमटतें, पानें चुरगळतात, फळें खडबडीत होतात. ह्यास मोझाइक किंवा केवळ विषाणुरोग म्हणतात, आणि त्यावर औषध नाहीं. असा वेल दिसतांच मोह न धरतां उपटून जाळावा. एका वेलाची दया बारा वेलांचा घात करिते. माव्यासाठीं मात्र घाबरूं नये. पाण्याची जोरदार धार पानाखालून मारली तरी बराच मावा धुऊन जातो. शिवाय येथें आपला एक मित्र उभा असतो, तो म्हणजे ढालकिडा. हा लहान, गोल, तुळतुळीत व बहुधा तांबडा असतो, आणि तो व त्याची अळी दोघेंही मावा खातात. पण त्याचा एक भाऊबंद त्याच्याच वेषांत येऊन पानें खरवडतो. दोघांतील भेद मुलांनीं शिकून घ्यावा: मित्राची पाठ चकचकीत असते, तर पानें खाणाऱ्याची पाठ बारीक लवेमुळें मंद दिसते व तीवर बारा किंवा अठ्ठावीस काळे ठिपके असतात. ज्याला हा भेद कळत नाहीं, तो पहारेकऱ्यास फांशी देऊन चोरास सोडतो.

आतां बुरशीचे रोग. त्यांत दोघांचीं नांवें सर्व शेतकऱ्यांस माहीत आहेत: भुरी व केवडा. भुरींत पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी पसरते, आणि प्रथम जुन्या पानांवर पसरते. केवड्यांत पानाच्या वरच्या बाजूस शिरांच्या मर्यादेंत बसलेले कोनदार पिवळे डाग पडतात, आणि सकाळच्या दंवांत त्यांच्या खालच्या बाजूस करड्या-जांभळ्या रंगाची लव दिसते. येथें एक इशारा द्यावासा वाटतो. तांबड्या भोपळ्याच्या कित्येक जातींच्या पानांवर जन्मतःच रुपेरी ठिपके असतात. आमच्या मुलांनीं एकदां निरोगी वेलांस रोगी ठरवून मोठी धांदल उडविली होती. बोटानें पुसून पाहावें. पीठ बोटास लागलें तर भुरी, न लागलें तर तें पानाचें स्वतःचें लेणें.

केवड्याच्या बुरशीस पानावर ओल पाहिजे. म्हणून पाणी पानांवर न शिंपडतां बुंध्याशीं द्यावें, आणि तें सकाळीं द्यावें. संध्याकाळीं भिजलेलें पान रात्रभर ओलें राहतें व रोगास आमंत्रण देतें. वेल दाट न लावतां ऐसपैस लावावे, म्हणजे वारा खेळतो. भुरीस अशी ओल लागत नाहीं. ती कोरड्या दिवसांतही वाढते. तिच्यासाठीं एक घरगुती उपाय आहे. ब्राझील देशांतील वाग्नर बेत्तिओल नामक शास्त्रज्ञानें १९९९ सालीं असें दाखविलें कीं, भोपळ्याच्या जातीच्या रोपांवर पाणी मिसळलेलें गाईचें दूध आठवड्यांतून एकदां फवारलें तर भुरी आटोक्यांत राहते. एक भाग दूध व नऊ भाग पाणी हें प्रमाण परसबागेस पुरे. गंधकही भुरीवर चालतें, परंतु कडक उन्हांत त्यानें ह्या वेलांचीं पानें करपतात, हें विसरूं नये. फळ ओल्या मातीस टेकलें म्हणजे तळाकडून कुजतें. त्यासाठीं प्रत्येक फळाखालीं मूठभर कोरडा पेंढा किंवा मोडकें कौल सारावें. आणि सर्वांत मोठें पथ्य असें कीं, ज्या जागीं भोपळा, काकडी, दोडका वा कारलें ह्यांपैकीं एक झालें, तेथें निदान दोन वर्षें त्या कुळांतील दुसरें लावूं नये. मका, कांदा किंवा घेवडा लावावा.

तण हा शत्रु मुकाट्यानें येतो, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतें. भोपळ्याचें आणि तणाचें खरें भांडण पहिल्या पांच-सहा आठवड्यांचें असतें. तेवढ्या काळांत वेलास पाणी, खत व ऊन निर्वेध मिळालें तर पुढें त्याचीं रुंद पानें स्वतःच जमिनीवर सावली धरून तणास दडपून टाकतात. ह्यासाठीं एक जुनी युक्ति उत्तम आहे. बीं टोंचण्यापूर्वीं दोन आठवडे आळ्यांस पाणी द्यावें. तणाचें बीं आधींच उगवेल. तें खुरप्यानें वरच्यावर काढावें व मग पेरणी करावी. खुरपें खोल घालूं नये, कारण खोल माती वर आली कीं तिच्याबरोबर निजलेलें बींही वर येऊन जागें होतें. वेल पसरल्यावर तर खुरपें म्यानांतच ठेवावें. भोपळ्याचीं मुळें उथळ असतात, आणि वेलाच्या पेऱ्यांपेऱ्यांपासूनही तीं जमिनींत उतरतात. मग तण हातानें उपटावें. उसाचें पाचट वा भाताचा पेंढा चार बोटें जाड पसरला तर तण कमी, ओल अधिक व फळ कोरडें, असा तिहेरी लाभ होतो. लव्हाळा मात्र नुसता उपटून जात नाहीं. त्याच्या गांठी जमिनींत राहतात, त्या वेंचून काढाव्या लागतात. घोळ व तांदुळजा हे तण खरे, पण ते कोंवळे असतांना उपटून स्वयंपाकघरांत पाठवावे. असा शत्रु कोणास नको?

गाजरगवताविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम लक्षांत आलेलें हें परदेशी तण आज देशभर पसरलें आहे. त्यानें कित्येकांच्या अंगावर पुरळ उठतें. तें फुलावर येण्यापूर्वींच, आणि हातांत मोजे घालूनच, उपटावें. त्याच्यावर उपाय म्हणून १९८४ सालीं बेंगळुरास मेक्सिकोहून आणलेला एक भुंगा सोडण्यांत आला. तो ह्या तणाचीं पानें खातो. म्हणजे भुंगा तेवढा वाईट, ही समजूतही खरी नव्हे.

कोणी विचारील, विष कधींच वापरूं नये काय? आम्ही असें म्हणत नाहीं. मोठ्या शेताची अडचण परसाहून निराळी असते. परंतु क्रम उलटा होऊं नये. आधीं डोळा, मग हात, मग राख-पेंढा, मग निंबोळीचा अर्क, आणि सर्वांच्या शेवटीं विष. निंबोळीचा अर्क घरीं होतो: पन्नास ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर थोड्या पाण्यांत भिजत घालाव्या, सकाळीं कापडांतून गाळाव्या, पाणी एक लिटरपर्यंत वाढवावें, चिमूटभर साबण मिसळावा आणि संध्याकाळीं फवारावा. सकाळ ही मधमाशीची; तिच्या वेळेंत कोणताही फवारा नको.

आणि ज्यांस विष वापरावेंच लागतें, त्या पालकांस आमची हात जोडून विनंती आहे. डब्यावरील चौकोनाचा खालचा त्रिकोण पाहावा. तो तांबडा असेल तर विष अतिशय जहाल. पिवळा त्याच्या खालोखाल. निळा व हिरवा त्याहून सौम्य, पण विषच. फवारतांना तोंड-नाक व हात झांकावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस तोंड करूं नये, आणि फवारणीनंतर जितके दिवस फळ तोडूं नये असें लिहिलें असेल तितके दिवस तोडूं नये. उरलेलें औषध सरबताच्या बाटलींत कधींही ओतूं नये. तान्हेल्या मुलास बाटली ओळखतां येते, विष ओळखतां येत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं. तीं आपल्यासारखींच घरचीं कर्तीं माणसें होतीं. ज्या डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पॉल म्युलर ह्यांस १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्याच डीडीटीच्या शेतींतील वापरास आपल्या देशांत १९८९ सालीं बंदी करावी लागली. आज जें वरदान वाटतें तें उद्यां तसेंच राहील, असा भरंवसा कोणी देऊं नये.

असो. दुसऱ्या वर्षीं त्याच मुलांनीं पुनः बीं लाविलें. जागा मात्र विहिरीच्या पलीकडची घेतली. सकाळीं उजाडतां भुंगे झाडण्याची पाळी लाविली, गळलेलीं फळें पुरण्याचें काम दोघांकडे दिलें, आणि फुलांवर किती माश्या बसल्या ह्याची वही त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या स्वाधीन केली. भुंग्यांनीं तीन आळीं खाल्लीं. एक वेल मोझाइकमुळें उपटावा लागला. चार फळें माशीनें नेलीं. उरलेल्या आठ वेलांवर तेवीस भोपळे धरले. मुलांनीं आपला शब्द पाळला, आणि वसतिगृहाच्या भाजीस मे महिन्यांत एक गोडी आली ती केवळ गुळाची नव्हती. लेकीच्या घरून भोपळ्यांत बसून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टींतील भोपळ्याएवढा एकही नव्हता. पण आम्हांस त्यांतला प्रत्येक तेवढा मोठा वाटला.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत घरीं एक तरी आळें करा. पहांटे उठून त्याच्याशीं पंधरा मिनिटें बसा, पानें उलटून पाहा, कोण आलें, कोण गेलें तें वहींत टिपा. वेल व त्याचे वैरी ह्यांचें विळ्या-भोपळ्याचें सख्य आपल्यानें मिटणार नाहीं. पण त्या भांडणांत कोणाचा हात केव्हां धरावा, हें मात्र पाहणाऱ्यास कळूं लागतें. आणि जो पाहावयास शिकला, त्याला बागेंत मिळालेला भोपळा सहसा परीक्षेंत मिळत नाहीं.